पंधरा ग्रॅमचा रंग

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी वजन आहे. बरोबर एक किलोचे. ‘बरोबर’ हा शब्द मी उगाच लिहिलेला नाही. तो परत मिळवण्यासाठी मला काय काय सोसावे लागले, तेच तुम्हांला सांगायचे आहे.

माझे अंग षटकोनी, रंग काळा. पाठीवर उठावाची अक्षरे आहेत. तळाला एक छोटे भोक आहे आणि त्यात शिसे भरलेले आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखे वजन कधी उचललेही नसेल. हल्ली भाजीच्या गाड्यावरसुद्धा लाल आकडे दाखवणारा काटा असतो. पण सिरसाळ्याच्या एका किराणा दुकानात, मागच्या खोलीत, तराजूच्या शेजारी मी अजून कामावर आहे.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात लालभडक लोखंड ओतले, ते थंड झाले आणि मी बाहेर आले. तेव्हा मी थोडे हलके होते. तसे मुद्दामच ठेवतात. मग तळाच्या भोकात थेंब थेंब शिसे भरत माझे वजन पुरे केले. सरकारच्या वजनमापे खात्याच्या निरीक्षकांनी मला त्यांच्या पितळी वजनासमोर तोलले, तराजूचा काटा मध्यावर स्थिर झाला आणि त्यांनी माझ्या शिशावर ठोकून शिक्का उमटवला. तो शिक्का बसेपर्यंत मी नुसता लोखंडाचा गोळा होते. शिक्क्यानंतर मी एक किलो झाले.

तुम्ही विचाराल, ते पितळी वजन तरी खरे कशावरून? त्याला त्याच्याहून काटेकोर वजनासमोर तोललेले असते, त्याला आणखी काटेकोर वजनासमोर, आणि असे करत करत ही साखळी दिल्लीच्या प्रयोगशाळेत काचेखाली जपलेल्या देशाच्या किलोपर्यंत पोहोचते. सिरसाळ्याच्या बाजारातल्या कांद्याचे नाते तिथपर्यंत असते, हे कांद्याला ठाऊक नसते. मला ठाऊक आहे.

दुकानाचे पहिले मालक रामकिसन मला घेऊन आले. माणूस कमी बोलणारा, पण मापाला पक्का. दर दोन वर्षांनी ते आम्हां सगळ्या वजनांना पोत्यात घालून सायकलवरून तपासणीला नेत. वापरून वापरून लोखंड झिजते, म्हणून दोन वर्षांनी शिक्का नवा करून घ्यायचा असा नियम आहे. तपासून आणल्यावर ते मला तळ वर करून फळीवर ठेवत. आल्या गिऱ्हाइकाला ताजा शिक्का दिसावा, एवढाच हेतू. लोक म्हणत, “रामकिसनचं माप पुरं हाय.” ते ऐकून मला फार बरे वाटे.

रामकिसन गेले. दुकान त्यांचा मुलगा उत्तरेश्वर आणि सून सत्यशीला यांच्याकडे आले. सत्यशीला हुशार बाई. तिने साखर, चहा, डाळी यांसाठी पुढच्या गल्ल्याजवळ विजेचा काटा आणला. त्याची तपासणी दरवर्षी वेळच्या वेळी होई, त्याचे प्रमाणपत्र चौकटीत भिंतीवर लागे. आम्ही मागच्या खोलीत गेलो. तिथे गुळाच्या ढेपा, कांदे, बटाटे आणि हंगामात बायका घेऊन येत ती फोडलेली चिंच, असा राकट माल आम्ही तोलत असू. दुकानाची तपासणी झाली म्हणजे सगळ्याचीच झाली, असा घरात समज होता. अशी नऊ वर्षे गेली.

या नऊ वर्षांत आमच्याकडे कुणी पाहिलेच नाही, असे मात्र नाही. उत्तरेश्वर पाहत होता. त्याला रंगाची मोठी हौस. खंडेनवमीला अवजारांची पूजा असते. उत्तरेश्वर त्याच्या आदल्या दिवशी हातात ब्रश घेऊन बसे आणि घरातला उरलेला ऑइलपेंट जे दिसेल त्याला फासे. एका वर्षी दाराचा निळा उरला, मी निळे झाले. एका वर्षी फवारणीच्या पंपाचा पिवळा. एका वर्षी चांदीसारखा चमकणारा. वर हळदीकुंकू, झेंडूचे फूल. तळालासुद्धा तो रंग लावी, शिशासकट. “कसं नवरदेवावानी दिसतंय बघ,” असे तो बायकोला म्हणे. खरे सांगते, मलाही छान वाटे. आपण दरवर्षी थोडे जड होत आहोत, हे माझ्या लक्षात आले नाही. अंगावर चढणारे ओझे स्वतःला कळत नाही, ते समोरच्या पारड्याला कळते.

आता गोष्टीच्या मुख्य भागाकडे येते.

सिरसाळ्याच्या आसपास बांधाबांधावर चिंचेची झाडे आहेत. बायका चिंच झोडून आणतात, घरी बसून फोडतात, चिंचोके काढतात आणि विकतात. सत्यशीलाने अशा अकरा बायकांचा गट केला. प्रत्येकीने आपली आपली थोडी विकण्यापेक्षा सगळ्यांची चिंच एका जागी तोलून, एकत्र मोठ्या बाजारात पाठवायची, असे ठरले. खरेदीकेंद्र आपल्याच दुकानात व्हावे, अशी तिची फार इच्छा होती. गावात मोठी दुकाने झाली होती, तिच्या दुकानातली वर्दळ कमी होत चालली होती. केंद्र मिळाले तर दुकान पुन्हा उभे राहणार होते. दोन गोष्टी हव्या होत्या. केंद्रातल्या प्रत्येक वजनावर चालू शिक्का हवा, आणि गटातल्या बायकांनी तिच्या नावाला हो म्हणायला हवे.

पहिल्या अटीमुळे मला नऊ वर्षांनी पोत्यात बसायला मिळाले. जानेवारीत ग्रामपंचायतीच्या सभागृहात वजनमापे खात्याचे दोन दिवसांचे शिबिर होते.

मोटारसायकलवर उत्तरेश्वरची कुरकुर चालूच होती. “दुकान बंद ठिवायचं, लोखंड वाहून न्यायचं, वर फी भरायची. सरकारला दुसरं काम न्हाई का?”

मागे बसलेली सत्यशीला म्हणाली, “अहो, खड्डा बघा पुढं. लोखंड माझ्या मांडीवर हाय.”

सभागृहात टेबलावर काचेच्या पेटीत नाजूक तराजू होता आणि त्याच्यामागे निरीक्षक मॅडम बसल्या होत्या. तरुण, चष्मा लावलेल्या, बोलणे मोजके. दाराबाहेर पत्र्याच्या सावलीत चाँदभाई शेगडी पेटवून बसले होते. ते परळीचे. वजनकाटे दुरुस्त करण्याचा सरकारी परवाना त्यांच्याकडे आहे आणि त्यांच्या वडिलांकडेही होता.

मॅडमनी मला उचलले, उलटे केले. “शिक्का कुठे आहे?”

“असंल की खाली,” उत्तरेश्वर म्हणाला. “जरा रंगाखाली गेलाय.”

“तो गेला, की तुम्ही पाठवला?” मॅडमनी विचारले. रांगेत मागे उभे असलेले दुकानदार हसले.

त्यांनी मला एका पारड्यात ठेवले, दुसऱ्यात पितळी किलो. मित्रांनो, माझे पारडे धपकन खाली गेले. मला वाटले, त्यांच्या पितळाचेच काहीतरी चुकले असणार. मॅडमनी पितळाच्या बाजूला चिमट्याने छोटी वजने ठेवायला सुरुवात केली. पाच ग्रॅम. मी खालीच. पाच काढून दहा ग्रॅम. तरी खालीच. आणखी दोन, आणखी एक. तेव्हा काटा मध्यावर आला.

“तेरा ग्रॅम जास्त,” मॅडम म्हणाल्या. “नियमात मुभा असते ती अगदी थोडी. हे वजन रद्द.”

‘रद्द’ हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. लोखंडाला घाम येत नाही म्हणून बरे.

उत्तरेश्वर मात्र एकदम खुलला. “जास्त? म्हणजे आमी लोकायला जास्तच देत होतो की! कमी तर न्हाई ना दिलं?”

रांगेतून कुणीतरी म्हणाले, “मग काय बे, उत्तरेश्वर, लई धर्मात्मा निघालास! सांगायचं न्हाई का, समदे कांदे तुझ्याकडूनच नेले असते.”

सभागृहभर हशा पिकला. मॅडमसुद्धा हसल्या आणि म्हणाल्या, “बाहेर चाँदभाईंकडून दुरुस्त करून आणा. उद्या पुन्हा तपासते.”

एकटी सत्यशीला हसली नाही. तिची बोटे माझ्या कडेवर थांबली होती. काय झाले ते मला तिच्याआधी कळले होते, कारण दोन्ही कामे मीच करत होते. मला पारड्यात टाकून कांदा विकला तर गिऱ्हाइकाला तेरा ग्रॅम जास्त जात होते. पण मलाच पारड्यात टाकून चिंच घेतली, तर चिंच आणणाऱ्या बाईचे तेरा ग्रॅम जास्त येत होते. दुकानातून कांदे जात ते किलो-दोन किलो. चिंच येई ती पोत्यांनी, आणि तीही किलोकिलोने माझ्याशीच तोलली जाई.

चाँदभाईंनी मला गुडघ्यावर धरले आणि पातीने खरवडायला घेतले. वरचा चांदीचा थर निघाला, खाली हिरवा. हिरव्याखाली तांबडा.

“अरे वा, उत्तरेश्वरभाई,” ते म्हणाले, “हे वजन हाय का इंद्रधनुष्य? दरसाल एक कोट! घराला तरी दिलात का कधी एवढा रंग?”

“पूजेचं हाय ते, चाँदभाई.”

“पूजा करा ना. हार घाला, फूल ठेवा, अगरबत्ती लावा. पण वजनाला नवीन कपडे नका शिवू. ते कपड्यासकट तुलतं.”

सत्यशीला शेजारी पायरीवर बसून थर मोजत होती. “नऊ,” ती म्हणाली. “एका वर्षाला एक. म्हणजे पहिल्या वर्षी दीड ग्रॅम, आणि आता तेरा. सरासरी धरली तर सात.”

“वहिनी, तुमी मॅडमच्या खुर्चीवर पाहिजे होत्या,” चाँदभाई म्हणाले.

सगळा रंग उतरल्यावर त्यांनी मला तोलले आणि भुवया वर केल्या. आता मी दोन ग्रॅमने हलके भरत होते. रंग होता पंधरा ग्रॅमचा, आणि त्याच्याखाली मी इतकी वर्षे गुपचूप झिजत होते. वरून भर दिसत होती, आतून घट झाली होती. मला फार ओशाळल्यासारखे झाले. चाँदभाईंनी पळीत शिसे वितळवले, माझ्या तळात ओतले, थंड केले, जरा खरवडले, पुन्हा तोलले. चहाचे दोन कप होईपर्यंत ते खरवडत आणि तोलत होते. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या तराजूत काटा मध्यावर आला आणि हलला नाही. ठक्क! शिशावर शिक्का बसला. या आवाजाची मी नऊ वर्षे वाट पाहत होते, हे मला तो ऐकल्यावर कळले.

सत्यशीलाने मॅडमना हळूच विचारले, “मॅडम, ज्यांच्याकडून जास्त आलं, त्यांचं काय करायचं? तसा काही नियम हाय का?”

मॅडमनी चष्मा काढून पुसला. “नियमाचं काम इथून पुढचं माप खरं ठेवणं. मागचं तुम्हांला योग्य दिसेल तसं.”

घरी परतताना उत्तरेश्वर म्हणाला, “दिसायचं काय त्यात? रद्द झालं, नीट झालं, शिक्का बसला. कुणी इचारलंय का आपल्याला?”

“कुणी इचारणार न्हाई,” सत्यशीला म्हणाली. “म्हणून तर आपणच सांगायला लागंल.”

“अगं, पण परवाच बायका केंद्राचं ठरवणार. हे ऐकून देतील का तुला केंद्र?”

“न्हाई देणार कदाचित.”

“मग कावून सांगायचं? बैठक झाल्यावर सांग.”

तिने मांडीवरचे पोते सावरले. मग म्हणाली, “हे वजन हातात घेतलं की दरवेळी आठवंल मला. रोज शंभरदा उचलायचंय ते.”

उत्तरेश्वरने गाडी हळू केली. खंडेनवमीचा ब्रश त्याच्याच हातात होता, हे त्याला तेव्हा पुरते उमगले असावे. “लई गाढवपणा केला मी,” तो म्हणाला. बाकीच्या रस्त्यात त्याने सरकारला एकदाही बोल लावला नाही.

ठरल्या दिवशी अकरा बायका दुकानाच्या ओट्यावर जमल्या. सर्वांत पुढे वच्छलाबाई. वय सत्तरीच्या पुढे, आवाज मात्र शाळेच्या घंटेसारखा. गटात त्यांचा शब्द चाले, आणि सत्यशीलाला त्यांचीच भीती होती. तिने मला तराजूच्या पारड्यात ठेवले आणि आधी सगळे सांगून टाकले. रंग, तेरा ग्रॅम, नऊ वर्षे. एकही शब्द सौम्य करून सांगितला नाही. उत्तरेश्वर दाराशी मान खाली घालून उभा होता.

अकराही बायकांनी आधी माझ्याकडे, मग दाराकडे पाहिले. मी ओतशाळेची आग सोसली आहे, पण तेवढी अवघड वेळ मला आठवत नाही.

“म्हणजे उत्तरेश्वर,” वच्छलाबाई म्हणाल्या, “तू रंग खेळायचास आन् भरायचो आमी व्हय?”

“चुकलं, मावशी.”

“कांदेबी जास्त गेले असतील की त्याच मापानं,” एक बाई मध्येच म्हणाली. “झाली फिटंफाट.”

“न्हाई होत,” सत्यशीला म्हणाली. “मावशी वर्षाला वीस किलो कांदे नेतात आणि तीनशे किलो चिंच घालतात. फिटंफाट म्हणणं खोटं होईल. सरासरी सात ग्रॅम धरलं तर नऊ वर्षांत मावशींची एकोणीस किलो चिंच जास्त आली. बाकीच्यांचंबी मी काढलंय. आमच्या बांधावरची यंदाची चिंच फोडून ठिवलीय. त्यातून आज जिची तिला तोलून देते. मग केंद्राचं तुमी ठरवा.”

“तोलणार कशानं? ह्याच्यानंच?” वच्छलाबाईंनी माझ्याकडे बोट केले.

“ह्याच्यानंच. नवीन शिक्का हाय.”

“शिक्का मला वाचता येत न्हाई. मिठाची पुडी आण.”

सत्यशीलाने एक किलोची बंद पुडी आणली. वच्छलाबाईंनी ती स्वतःच्या हाताने समोरच्या पारड्यात ठेवली. पुडीचे पारडे किंचित खाली झुकले.

“हे बघा!” त्या कडाडल्या. “मीठ जड! आता वजन हलकं केलं हिनं!”

माझा जीव शिशात गेला. पण सत्यशीला घाबरली नाही. “मावशी, पुडीवर लिहिलंय ते आतल्या मिठाचं वजन. पिशवीचं त्यात धरायचं न्हाई, असा कायदा हाय. पिशवी फोडा आन् नुसतं मीठ घाला.”

वच्छलाबाईंनी दातांनी पुडी फोडली. मीठ पारड्यात ओतले, रिकामी पिशवी झटकून बाजूला टाकली. काटा दोनदा इकडेतिकडे हलला आणि मध्यावर येऊन थांबला. कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात भरलेले मीठ आणि परळीच्या चाँदभाईंनी दुरुस्त केलेले मी, आम्ही एकमेकांना आयुष्यात पहिल्यांदा भेटलो आणि आमचे एकमत झाले. नियमाचा मला त्या क्षणी जेवढा अभिमान वाटला, तेवढा कधीच वाटला नव्हता.

“हं,” वच्छलाबाई म्हणाल्या. त्या ‘हं’मध्ये मोठे प्रमाणपत्र होते. “तोल.”

सत्यशीलाने एकोणीस वेळा पारडे भरले. मोठी वजने होती, पण वच्छलाबाईंनी हट्ट धरला की ज्याने घेतले त्यानेच परत द्यायचे. मी एकोणीस वेळा चिंचेला सामोरे गेले. चिंच पिशवीत भरून झाली.

“घेते,” वच्छलाबाई म्हणाल्या. “माझीच हाय.”

त्यांनी पिशवी उचलली, दोन पावले गेल्या, वळल्या आणि पिशवी पुन्हा पारड्यापाशी ठेवली.

“आता ही तोलून घे.”

सत्यशीलाला समजले नाही. “मावशी, आत्ताच तर...”

“आत्ता दिलीस ती माझी झाली. आता मी ती केंद्राला घालते. हंगामाची पहिली चिंच. बघू, तुझं केंद्र किती भरतंय. एक ग्रॅम इकडंतिकडं झाला तर घरी नेईन.”

बायका हसत हसत तराजूभोवती सरकल्या. पुन्हा एकोणीस पारडी. शेवटच्या पारड्याला काटा मध्यावर आला, आणि पिशवीत चिंचेचे एक बोटूकसुद्धा उरले नाही. एकोणीस दिली होती, एकोणीस भरली. सत्यशीलाने पदराने डोळे टिपले आणि पावती लिहायला बसली. पावतीवर वरच्या बाजूला तिने केंद्राचे नाव घातले. तोपर्यंत बाकीच्या दहा बायका आपली चिंच घ्यायला आणि तीच केंद्राला घालायला पिशव्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या होत्या.

मित्रांनो, नियम म्हटले की दुकानदाराला कटकट वाटते आणि गिऱ्हाइकाला ते आपल्या कामाचे वाटत नाहीत. मी दोघांच्या मध्ये बसते, म्हणून सांगते. घेणारा आणि विकणारा एकमेकांना ओळखत नसले तरी त्यांना निर्धास्तपणे व्यवहार करता यावा, एवढ्यासाठी तो शिशावरचा छोटासा ठसा असतो. तो जपायला फार काही लागत नाही. आम्हांला कोरड्या फडक्याने पुसा, आपटू नका, वेळेवर तपासून आणा. आणि तुम्ही बाजारात गेलात, तर दुकानदाराला न भिता, न रागावता म्हणा, “काका, जरा वजन उलटं करून दाखवता का?” चांगला दुकानदार आनंदाने दाखवील. माझा तळ तर मी केव्हाही दाखवायला तयार आहे. या, बघा, त्यावरचे वर्ष वाचा.